शालूचे सात टाके आणि मायाचा हट्ट

जेवणं उरकली, पुरुषमंडळी गच्चीवर पान खायला गेली आणि सतरंजीवर फक्त बायका उरल्या, तेव्हाच ललितानं ओळखायला हवं होतं की आता गप्पा टाक्यांवर येणार. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात बाळंतपणं केलेल्या बाईला एवढं कळू नये? पुरुष चार जमले की पीकपाणी, बदल्या आणि राजकारण. लेकुरवाळ्या चार जमल्या आणि मध्ये एक पोटुशी बसवली की टाके. वऱ्हाडात तरी यात आजवर फरक पडलेला नाही.

पोटुशी म्हणजे तिची माया. आठवा नुकताच लागलेला. अकोल्याला जठारपेठेतल्या सासरच्या घरी सकाळी वंदना झाली, पंचशील झालं, पाच जणींनी ओटी भरली, आणि आता हिरव्या साडीत, कानामनगटांत फुलांचे दागिने घालून ती लोडाला टेकून बसली होती. विहीणबाईंनी, म्हणजे पार्बताबाईंनी, पुरणपोळ्या आणि पाटवड्यांचा रस्सा असा काही केला होता की लग्नातल्या मानपानावरून ललिताच्या मनात उरलेली शेवटची अढीही आज सुटली होती. अशा दिवशी भांडण होईल असं कुणी म्हटलं असतं तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं.

सुरुवात शेजारच्या बाईनं केली.

"मले पाच पडले होते," ती सुपारी कातरत म्हणाली. "मोठ्याच्या टाइमले."

"पाचाचं काय घेऊन बसली! मले नऊ. पोट्टा होता का दगड, काय सांगू."

"माह्ये तं कोनी मोजलेच नाई. डाक्टर म्हने, मोजून काय करता, घरी जा."

हशा पिकला. अशा वेळी शालू मागे राहणं शक्यच नव्हतं. शालू म्हणजे ललिताच्या नवऱ्याची, मोतीरामची, धाकटी बहीण. अमरावतीत अंगणवाडी चालवायची आणि जिथे जाईल तिथे चार माणसांना हसवून यायची.

"माह्ये सात," तिनं हात वर करून सांगितलं. "आन तेबी असे तसे नाई. खास वयनीच्या हातचे!"

सगळ्यांनी ललिताकडे पाहिलं. ललिताची मान ताठ झाली. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी कामाचा विषय निघाला की ती अजून ड्युटीवर असल्यासारखी बसायची.

"मंग काय! घरची पोरगी, शिकाऊ पोरीच्या हाती देऊ का? मी सगळ्याइले बाजूले केलं आन सोता उभी राहिली. घरची म्हनून कात्रीचा कट जरा मोठाच देल्ला. म्हनलं, उगाच फाटाफूट नको."

"मोठा तं होताच व माय!" शालू हसत म्हणाली. "तीन महिने मी सरळ बसली नाई. एका अंगावर बसे. माही सासू गल्लीभर सांगे, सून लय अकडू हाय, बसते बी तिरपी!"

आणि ती तिरपी बसली कशी तेही तिनं मान वाकडी करून दाखवलं. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. ललितानंही डोळे पुसले. शालूला तिथेच थांबता आलं असतं, पण हसण्याच्या भरात माणूस कधी कधी दोन शब्द जास्त बोलून जातो.

"तीन महिन्याचं काय, दोन वर्सं दुखे," ती म्हणाली. "हे जवळ आले का अंगावर काटा. लोक इचारत, शालू, एकच लेकरू काहून? मी म्हनो, सरकारचं ऐकून राहिली बाप्पा!"

पुन्हा हशा झाला, पण अर्धाच. ज्यांना कळलं त्या गप्प झाल्या. ललिता हसतच होती, कारण चेहरा बदलायचं तिला सुचलंच नाही. पंचवीस वर्षं झाली होती त्या बाळंतपणाला. एकुलत्या एका पोरावरून शालूला टोकणाऱ्यांत ती स्वतः सगळ्यांत पुढे होती. दुसऱ्याचं पाहा आता, असं दर दिवाळीला म्हणायची. आणि शालू दर दिवाळीला हसून विषय बदलायची.

"आई," लोडापासून आवाज आला. माया सरळ होऊन बसली होती. "मले कात्री लावायची नाही."

"काय?"

"बाळंतपणात. गरज पडली तर गोष्ट वेगळी. पण पहिलटकरीण आहे म्हणून सरसकट नाही. मी वाचलं आहे सगळं."

माया जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची आणि वाचलं आहे म्हणताना तिचा आवाज थेट वर्गातला व्हायचा. तो आवाज ललिताला झोंबला. शालूच्या बोलण्यानं आत जे हललं होतं त्याचं काय करावं हे कळत नव्हतं. राग करणं त्यापेक्षा सोपं होतं.

"पहिलटकरणीले लागतेच," ती म्हणाली. "आपोआप फाटलं तं वाकडंतिकडं फाटते, शिवता येत नाई. कात्रीचं सरळ राहते. हजारानं केले मी. तू आता मले शिकवून राहिली?"

"शिकवून नाही राहिली, सांगून राहिली. थोडं आपोआप फाटलं तर ते कात्रीपेक्षा लवकर भरून येते, असं आता डॉक्टरच म्हणतात."

"बरोबर बोलून राहिली पोरगी," शालूनं भाचीची बाजू घेतली.

आता पार्बताबाई काय म्हणतात याकडे सगळ्यांचं लक्ष लागलं. सासू म्हटल्यावर ती सुनेच्या हट्टाला विरोध करणार किंवा विहिणीला खाली पाहायला लावणार, या दोहोंपैकी एक ठरलेलं. पार्बताबाई पुरणाची परात आवरता आवरता थांबल्या आणि परात मांडीवर घेऊन खाली बसल्या.

"मी सांगू का माया, तू ईनबाईचं आयक. माहं बायंतपन बाळापूरच्या पल्याड, खेड्यात झालं. दाईनं केलं. कात्री नाई, टाका नाई. फाटलं तसंच राहिलं. तवापासून हसली का लुगडं ओलं. शिंकली का लुगडं ओलं. लगनात, सभेत, कुठीबी जा, मी आपली भिंतीच्या कडेले. हा प्रीतम आज एकतीस वर्साचा झाला. तेवढेच वर्सं झाले त्याले."

मायानं सासूचा हात धरला. सासूला ती मामीच म्हणायची. "मामी, तुमी कधी सांगितलं नाही."

"सांगाची गोठ हाय का ते?"

म्हणजे आता दोन पक्ष पडले होते. सासू आणि आई एका बाजूला, आत्या आणि भाची दुसऱ्या. एवढ्यात गच्चीवरून प्रीतम उतरला, हातात बायकांसाठी पानांचं ताट घेऊन. मायाचा नवरा, वीज मंडळातला इंजिनियर, हसरा, सासुरवाडीत सगळ्यांचा लाडका. त्या गरिबाला वर काय चाललं होतं ते माहीत होतं, खाली काय चाललंय ते नव्हतं.

"प्रीतम, तूच सांग बरं," शालू म्हणाली. "कात्री लावाव का नाई?"

त्याला वाटलं, फुलांच्या माळा कापायच्या आहेत. "लावा ना, त्यात काय," तो म्हणाला, आणि चारही बाजूंनी एवढा गलका झाला की ताट ठेवून तो दोन पावलं मागे सरकला. मग कुणीतरी त्याला खरं काय ते सांगितलं. त्याचे कान लाल झाले. "मायाचं अंग आहे, माया ठरवेल," एवढं बोलून तो पुन्हा गच्चीकडे पळाला, आणि दोन्ही पक्षांनी त्याला भित्रा ठरवलं.

हसू ओसरलं तशी माया हळूच म्हणाली, "आई, बाळंतपणाला आत एकीलाच येऊ देतात. मले तूच पाहिजे. पण आई म्हणून ये. सिस्टर म्हणून येणार असशील तर बाहेर बस. मी शालूआत्याला आत नेईन."

ललितानं तोंडातलं पान नुसतं गालात धरून ठेवलं. हजारो बायांच्या लेकींची बाळंतपणं केली, आणि स्वतःच्या लेकीच्या वेळी बाहेर बाकावर बसायचं? तिला मायाचा राग आला, शालूचा आला, आणि सगळ्यांत जास्त कुणाचा आला ते तिनं त्या दिवशी स्वतःलाही कळू दिलं नाही.

*

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आठ दिवसांनी मायाला अमरावतीला आणलं. ललितानं तिला काही कमी पडू दिलं नाही. सकाळी दूध, अकराला फळ, दुपारी डोक्याला तेल. फक्त त्या विषयावर ब्र काढला नाही, आणि मायानंही काढला नाही. घरात दोघी इतक्या गोड बोलत होत्या की मोतीरामला काळजी वाटायला लागली.

मोतीराम एस.टी.त कंडक्टर होता. निवृत्तीनंतर त्याच्याकडे बोलायला वेळ होता आणि ऐकायला फक्त ललिता होती.

"तुले काय टोचून राहिलं ते सांग तं," तो कांदे चिरता चिरता म्हणाला.

"काई नाई. चौतीस वर्सं केलं ते चूक होतं म्हनते तुमची पोरगी."

"चूक असं नाई म्हनली ते. इचारत जा म्हनली."

"दवाखान्यात काय इचाराचं? आमाले कळे काय कराचं ते."

"मलेबी कळे गाडी कुठी जाते ते," मोतीराम म्हणाला. "तरी तिकीट फाडाच्या आधी मी दरेकाले इचारो, तुमाले कुठी जाचं हाय?"

ललितानं त्याच्या हातातली सुरी काढून घेतली आणि उरलेले कांदे स्वतः चिरले. डोळ्यांना पाणी यायला कारण पाहिजे होतं.

त्याच आठवड्यात मायाची तपासणी होती. डॉक्टर रश्मी ललिताच्या जुन्या ओळखीची. शिकत असताना ती ललिताच्या हाताखाली सहा महिने होती, आणि आता तिचा स्वतःचा दवाखाना होता. पार्बताबाई सुनेला भेटायला अकोल्याहून सकाळच्या गाडीनं आल्या होत्या, त्याही सोबत निघाल्या. तिघी समोर बसल्यावर रश्मी आधी हसली.

"सिस्टर, कट कसा द्यायचा ते मला तुम्हीच शिकवलं. आठवतं?"

"आठवते ना," ललिता म्हणाली. तिला वाटलं, आता मायाचं तोंड बंद होईल. "मंग सांगा इले."

"सांगते. मी आता सरसकट देत नाही. अगदी थोड्या बायकांना लागतो." ललिताच्या चेहऱ्याकडे पाहून ती पुढे सावकाश बोलायला लागली. "आपल्याला तेव्हा तसंच शिकवलं होतं, सिस्टर. वाटायचं, कट दिला की मोठी फाटणी टळते. पुढे लक्षात आलं की उगाच दिलेल्या कटानं ती टळत नाही. उलट थोडं आपोआप फाटलं तर पुष्कळदा एकदोन टाक्यांत काम होतं. पण बाळाचे ठोके उतरले, चिमटा लावून बाळ ओढायची वेळ आली, तर कट द्यावाच लागतो. तेव्हा हट्ट चालत नाही, माया."

"तेव्हा मी हट्ट करणारच नाही," माया म्हणाली. "मले फक्त आधी विचारा."

"विचारीन. अगदीच वेळ नसला तरी सांगितल्याशिवाय हात लावणार नाही."

"आन माह्यासारखं झालं तं?" पार्बताबाईंनी विचारलं. लाज गिळून त्या एवढंच बोलल्या, पण रश्मीला कळलं. तिनं त्यांना दोनचार प्रश्न विचारले.

"मावशी, तुमचं फाटलं हे एक झालं. पण ते कुणी पाहिलं नाही, शिवलं नाही, हे खरं वाईट झालं. मायाचं मी नीट पाहणार. आणि तुमचंही पाहते, आत चला. एवढी वर्षं कशाला सोसलं? यावर अजूनही इलाज आहे."

पार्बताबाई उठल्या खऱ्या, पण उठताना त्यांनी विहिणीचा हात धरला, आणि ललिता त्यांच्यासोबत पडद्याआड गेली. परत आल्या तेव्हा पार्बताबाईंच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मायानं विचारलंच नाही. "कसरत करा म्हनते," त्या खाली बसत म्हणाल्या. "या वयात! आन नाई फरक पडला तं बारकं आपरेशन. एकतीस वर्सं मी भिंतीशी उभी राहिली आन इलाज इथी अमरावतीत बसला होता!" मग त्या मोठ्यानं हसल्या, आणि हसल्यावर सवयीनं पदर पुढे ओढला, आणि ते लक्षात येऊन पुन्हा हसल्या.

रश्मीनं मायाला शेवटच्या महिन्यात तेलानं करायचा मसाज सांगितला. बाळाचं डोकं दिसायला लागलं की जोर लावायचा नाही, नुसत्या फुंकरा मारायच्या, हेही शिकवलं. आणि ऊन पाण्यात पिळलेलं फडकं खालून धरून ठेवायचं, म्हणजे कातडी सावकाश ताणते.

फडक्याचं ऐकून ललिता खुर्चीत हलली. तिला डोंगरातलं धारणी आठवलं. चोविसाव्या वर्षी पहिली नेमणूक तिथली. औषधं जीपनं यायची, आणि रस्ता खचला की महिना महिना यायची नाहीत. टाक्याचा दोराच संपायचा, मग कट कुणाला देणार? तिथली एक म्हातारी कोरकू दाई बाईला कुशीवर वळवायची, ऊन फडकं धरायची आणि घाई म्हणून करायची नाही. ललितानं तिच्याजवळ बसून पाहिलं होतं, तिच्या हाताखाली केलंही होतं. बहुतेकींना काही लागायचं नाही. मग बदली मोठ्या दवाखान्यात झाली. दोन टेबलं, आणि व्हरांड्यात दहा जणी ओरडताहेत. कट दिला की दहा मिनिटं वाचायची. ती दहा मिनिटं वाचवता वाचवता ललिता धारणीचं सगळं विसरून गेली, आणि पुढे पुढे तिला वाटायला लागलं की हे बाईच्या भल्यासाठीच आहे.

ती संध्याकाळी एकटीच शालूच्या घरी गेली. शालू अंगणात मुलांसाठी चिंध्यांचे चेंडू शिवत बसली होती.

"मी तुले इचारलं नोतं," ललिता उभ्या उभ्याच म्हणाली. "त्या दिवशी."

शालूनं सुई थांबवली. "तवा कोन कोनाले इचारे व, वयनी."

"मी इचाराले पाहिजे होतं. तू माही होती. आन मी जास्त देल्ला, घरची म्हनून. पंचवीस वर्सं तू सांगतलं काहून नाई?"

"कशी सांगू? माह्या लेकराले पहिल्यांदा तूच हातात घेतलं. सगळ्या दवाखान्यात पेढे वाटले तू. एवढी खुश होती, का म्हनलं जाऊ दे." शालूनं तिला हाताला धरून ओट्यावर बसवलं. "तुहा हात वाईट नोता, वयनी. तुले तसंच शिकवलं होतं."

"दुखलं तं तुलेच ना."

"हो," शालू म्हणाली. "दुखलं." तिनं ते प्रथमच न हसता म्हटलं, आणि म्हणून झाल्यावर दोघी नणंद-भावजया एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मनात साचलेलं उतरलं तसं हलकं वाटलं, आणि मग शालूलाच आधी राहवेना. "आता सरळ बसतो बरं मी," ती नाक पुसत म्हणाली, "तेवढं तुह्या लेकीले सांगजो."

*

एप्रिलच्या एका सकाळी पोहे खाता खाता मायानं बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "आई, आलं वाटते." ललितानं कळांमधलं अंतर मोजलं, रश्मीला फोन केला आणि पोटाला आधार म्हणून आधी तिला पोहे संपवायला लावले.

दुपारी दीड वाजता दवाखान्याच्या पोर्चमध्ये बेचाळीस अंशांच्या उन्हात तापलेल्या गाडीतून प्रीतम आणि पार्बताबाई उतरले. प्रीतमच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. पार्बताबाईंच्या हातांत डिंकाच्या लाडवांचा डबा, बाळाची टोपडी आणि का कोण जाणे, एक कुकर होता. शालू आणि मोतीराम आधीच बाकावर होते.

"एकीनंच आत या," नर्स म्हणाली.

शालूनं वहिनीकडे पाहिलं. दोन महिन्यांत तो विषय पुन्हा निघाला नव्हता, आणि मायानं शेवटचं काय ठरवलंय हे कुणाला माहीत नव्हतं. ललिताही बसून राहिली. आपण होऊन उठायचा तिला धीर होईना. आतून मायाचा आवाज आला, घामाघूम, चिडलेला, अगदी लहानपणचा.

"आई! कुठी बसली तू!"

ललिता धावली.

आत गेल्यावर तिला पहिल्यांदा कळलं की टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूनं ही खोली किती वेगळी दिसते. चौतीस वर्षं ती पायांकडे उभी राहिली होती. इथून फक्त लेकीचा चेहरा दिसत होता, आणि कळ आली की तो चेहरा ओळखू येईनासा व्हायचा. तिनं माथ्यावर हात ठेवला, पाणी पाजलं, कंबर चोळली. रश्मीनं मायाला कुशीवर वळवलं. नर्सला दुसऱ्या बाईकडे जावं लागलं तेव्हा ललितानं विचारलं, "फडकं मी धरू का?" रश्मी म्हणाली, "मायाला विचारा." मायानं मान हलवली. ऊन पाण्यात फडकं पिळताना ललिताचे हात न सांगता धारणीला होते तसे चालायला लागले.

डोकं दिसायला लागलं. सवयीनं ललिताच्या घशाशी आलं, जोर लाव! आख्ख्या वॉर्डात तिच्या त्या आरोळीची ख्याती होती. तिनं पदराचा बोळा दातांत धरला आणि मग हळूच म्हणाली, "फुंकर मार बेटा. हळू. तुह्याच वेगानं."

सगळं छान चाललं होतं. मग यंत्रातल्या ठोक्यांचा आवाज मंदावला.

कळ ओसरली की ते पुन्हा वर यायला हवेत. ते आले, पण रेंगाळत. पुढच्या कळेला आणखी खाली गेले, आणि या वेळी तिथेच राहिले. ललितानं न पाहता मोजले.

रश्मी मायाच्या चेहऱ्याजवळ आली. "माया, बाळाचे ठोके उतरलेत. छोटा कट दिला तर पुढच्या कळेला बाळ बाहेर येईल. जागा बधिर करून देईन. देऊ का?"

माया उत्तर द्यायच्या आधी मान वळवून आईकडे बघायला लागली.

एवढी मोठी परीक्षा ललितानं आयुष्यात दिली नव्हती. हो म्हणावं तर पोरीला वाटणार, शेवटी आलीच सिस्टर आपल्या जागेवर. नाही म्हणावं तर पोर खूश होईल, पण मग त्या ठोक्यांचं काय? तिनं पुन्हा एकदा कान देऊन ऐकलं. सिस्टर म्हणून ऐकलं, आई म्हणूनही ऐकलं. दोघींना एकच ऐकू आलं.

"आता लागते, माया," ती म्हणाली. "सवयीनं नाई म्हनून राहिली मी. खरंच लागते. माह्यावर भरवसा ठेवशीन?"

"द्या मॅडम," माया म्हणाली.

सुई टोचली, कात्री चालली, कळ आली, आणि ललितानं इतका वेळ दाबून धरलेली आरोळी आता रश्मीनंच मागितली. "सिस्टर, आता म्हणा!" आणि ललितानं अशी काही "जोर लाव गं माय!" ठोकली की बाहेर बाकावरचा मोतीराम उभा राहिला. पुढच्या क्षणी मुलगी झाली. निळसर, गप्प, मग रश्मीनं पाठ चोळताच लालबुंद आणि प्रचंड चिडलेली. तिच्या रडण्यानं खोली भरून गेली. बाहेरून शालूचा आणि पार्बताबाईंचा एकदमच ओरडण्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ कुकर खाली पडल्याचा.

रश्मी टाके घालत होती. बाळ मायाच्या छातीवर होतं, तिचं ओलं डोकं मायाच्या हनुवटीखाली. ललिता भिंतीला टेकून उभी होती आणि रडत होती. हजारो बाळं तिनं जगात आणली होती, पण आपला शब्द कुणाच्या इतका कामी येईल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"आई, इकडे ये," माया म्हणाली. "तू मले भरवशाचं काहून विचारलं?"

"म्हनलं, तुले वाटन मी सिस्टर म्हनून बोलून राहिली."

"मी तुझ्या तोंडाकडे पाहिलं ना, तेव्हाच ठेवला होता," मायानं बाळाच्या डोक्यावर ओठ टेकवले. "तू बोलत बसली, उगाच वेळ घालवला."